पाती लागेपर्यंत

मोठेबाबा, सकाळपासून ओसरीवर माणसं येऊन बसतात, पाण्याचा घोट घेतात आणि एकच वाक्य बोलतात, "माणूस देवासारखा होता." मी आत भिंतीला टेकून ऐकते आणि मला राग येतो. देवासारखे तुम्ही कधीपासून झालात? तंबाखूचा खर्रा मिळाला नाही की घरातल्या मांजरीवर ओरडणारे, पत्त्यात हरले की पिसणाऱ्यावर आळ घेणारे आणि एखादी गोष्ट मनाला लागली की ती वर्षानुवर्षं उगाळणारे तुम्ही. लोक हे बोलायला लागले की मोठी आई माझ्याकडे पाहते. तिलाही ते पटत नसणार, पण आत्ता ती कोणाशी वाद घालायच्या अवस्थेत नाही.

तुम्ही जायच्या आदल्या आठवड्यात आपलं फोनवर पुन्हा तेच भांडण झालं. मी "ठेवते आता, मीटिंग आहे" म्हणाले आणि ठेवला. मीटिंग खरंच होती, पण पाच मिनिटं थांबता आलं असतं. आता ते भांडण माझ्या एकटीच्या गळ्यात आहे. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ठाऊक असलं तरी सांगते, कारण गोष्ट मधूनच सुरू केलेली तुम्हाला कधी चालायची नाही.

कोरोनाच्या त्या मार्चमध्ये नागपूरला आमच्या विभागात दुपारी नोटीस लागली, की संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळा रिकामी करा. मी पीएचडीच्या मध्यावर होते. विषय गुलाबी बोंडअळी. बीटी कपाशी खाऊनही ज्या अळ्या मरत नाहीत त्या निवडायच्या, त्यांची पिढी वाढवायची, तिच्यातून पुन्हा निवडायच्या आणि त्या का मरत नाहीत ते शोधायचं. अशी निवडून निवडून तयार केलेली माझ्या अळ्यांची ओळ, म्हणजे त्यांचा वंश, प्रयोगशाळेतल्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये होती. जगात दुसरीकडे कुठेही नव्हती. रोज कोणी खायला घातलं नाही, गारवा सांभाळला नाही, तर संपली. माझ्या गाइड मॅडम फोनवर म्हणाल्या, "नेता येत असतील तर घरी घेऊन जा. मेल्या तर आपल्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि एवढी वर्षं तुला कोणी देणार नाही."

चंद्रपूरला आईबाबांचं दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि आई पाल दिसली तरी पलंगावर चढते. मग मी भाजीच्या गाडीत बसून वडनेरला तुमच्या, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाच्या घरी आले, मांडीवर थर्माकोलचे दोन डबे घेऊन. म्हणजे कपाशीच्या गावात, कपाशीवाल्यांच्या घरात.

तुम्ही दारातच डब्याचं झाकण उघडलंत.

"हे काय आणलं व पनू?"

"बोंडअळी."

"मेलेली?"

"नाही. जिवंत."

तुम्ही झाकण हळूच परत लावलंत, जसं काही आत कोणी झोपलं आहे. "आम्ही जिले मारायसाठी पाठीवर पंप घेऊन मरून राह्यलो, तिले तू मांडीवर बसवून आणली?"

मी उभ्या उभ्या समजावलं. वावरात आता काही नाही, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, एखादी निसटली तरी बाहेर तिला खायला मिळणार नाही. "अन् पेरल्यावर?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, तोपर्यंत प्रयोगशाळा उघडेल. तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं, की दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे.

तुम्ही उंबऱ्यातच उभे होता. मला वाटलं, परत पाठवता की काय. मग म्हणालात, "पाती लागेपर्यंत ठेव. पाती लागली का ह्या घरात एकबी दिसाले नाई पाह्यजे. समजलं?"

"हाव," मी म्हटलं. पाती म्हणजे फुलाच्या आधीची हिरवी कळी. ती आली की ह्या अळीचे दिवस सुरू होतात.

माझ्या हातावर शिक्का होता, म्हणून मागच्या खोलीत मी आणि माझ्या अळ्या असे एकत्रच विलगीकरणात बसलो. मोठी आई ताट दाराशी ठेवून चार पावलं मागे सरायची. ती कोरोनाला भीत होती की अळ्यांना, ते मी कधी विचारलं नाही. दर गुरुवारी मॅडमची ऑनलाइन मीटिंग असायची. खिडकीच्या गजाला फोन बांधला की नेटवर्क यायचं, आणि सगळे आपापल्या घरातून सांगायचे की काय वाचलं, किती लिहिलं. कोणाची आजी गेलेली असायची, कोणाचे वडील दवाखान्यात. माझी पाळी आली की मी म्हणायचे, "कल्चर जिवंत आहे." बाकी सांगण्यासारखं काही नसायचं. शोधनिबंध उघडून बसायचे आणि तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचायचे. डोक्यात एकच, आज किती मेल्या.

मग गावात कुजबुज सुरू झाली, की पोरीनं डब्यात कोरोनाचे जंतू आणले. एके दिवशी ग्रामपंचायतीची माणसं, आशाताई आणि धुऱ्यापलीकडचे, म्हणजे बांधाशेजारचे गुणवंतकाका तोंडाला दुपट्टे बांधून अंगणात उभे राहिले. मी खिडकीआडून ऐकत होते. ह्यांनी झाकण उघडलं तर काय होईल? गावातल्या एकालाही समजलं असतं की घरात बोंडअळी पोसून राह्यले, तर डबे तिथेच पेटले असते, आणि त्यांचं काही चुकलंही नसतं.

"रेशमाच्या अळ्या आहे," तुम्ही म्हणालात. "पोरगी शिकून राह्यली ना त्याचंच."

तुम्हाला मी त्याआधी कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं, आणि इतक्या सहज बोलाल असं वाटलंही नव्हतं. माणसं गेल्यावर तुम्ही माझ्याकडे न पाहता सरळ बैलाला पाणी पाजायला गेलात. त्या दिवसापासून गुणवंतकाका धुऱ्यावरून विचारायचे, "निंघालं का रेशीम?" गावांमधली वाट जरा मोकळी झाली तेव्हा त्यांनी गिरडच्या साळ्याकडून तुतीच्या फांद्यांचा भारा आणून दिला. रेशमाच्या अळ्यायले तुती लागते म्हणे. आपण दोघांनी तो भारा गुपचूप बकरीला घातला. बकरीनं पोटभर खाल्ला. तुम्ही हसलात, पण मला त्या भाऱ्याचं काही केल्या हसू येत नव्हतं.

मे महिन्यात माझी खरी परीक्षा झाली. अळ्यांचे पतंग झाले की त्यांना गारवा लागतो, आणि आपल्याकडे मे म्हणजे काय ते काय सांगू. लाइन गेली, कूलर थांबला, की मी थर्मामीटरकडे पाहत नखं खायचे. तुम्ही खोलीत रेती ओतली, तिच्यात माठ रोवले, माठात माझ्या बरण्या ठेवल्या आणि वर ओलं पोतं टाकलं. पोतं वाळलं की पुन्हा भिजवायचं. दुपारच्या जेवणावरून उठून भिजवायचे तुम्ही. मोठी आई बोलायची, "मी बिमार होती तवा डोक्यावर एक पट्टी नाई ठेवली ह्या माणसानं, अन् अळ्यायले ओलं पोतं." खोलीत यायचं तर खर्रा थुंकून, चूळ भरून, साबणानं हात धुऊन यायचं, असा माझा नियम होता, कारण तंबाखू लागलेल्या हाताचा मला भरवसा नव्हता. तुम्ही कुरकुरत धुवायचे. टीव्हीवर सांगून सांगून जे तुम्ही ऐकलं नाही ते अळ्यांसाठी ऐकलं.

खाणंही घरचंच. बेसन, यीस्ट, औषधाच्या दोन-चार पुड्या, आणि ते घट्ट करायला आगर. आगर संपलं तेव्हा मी चायना ग्रास लिहून दिलं, आणि तुम्ही हिंगणघाटला पोलिसांच्या काठ्या चुकवत रांगेत उभं राहून ते आणलंत. दुकानदारानं विचारलं, घरी काय कार्यक्रम आहे. तुम्ही म्हणालात, "पाहुणे आहे. लय खाते."

एकदा ब्रशनं अळ्या नव्या ट्रेमध्ये सोडायचं काम चाललं होतं आणि तुम्ही शेजारी बसून झाकणं लावत होता. एक मोठी, गुलाबी झालेली अळी टेबलावर चालत आली. तुमचा अंगठा गेला आणि तिचा चेंदा झाला. तुम्हाला कळायच्या आधीच झालं ते. जन्मभराची सवय, बोंड फोडायचं, अळी दिसली की चिरडायची. तुम्ही अंगठ्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. लेकरानं काच फोडल्यावर होतं तसं तोंड झालं होतं तुमचं.

"चुकलं व पनू. लय महत्त्वाची होती का?"

मी "नाही, असू द्या" म्हटलं. खरं म्हणजे त्या ट्रेमध्ये तेवढीच पूर्ण वाढलेली होती. पण त्या तोंडापुढे मी ते सांगू शकले नाही. तुम्ही त्यानंतर खोलीत आलात की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे.

जूनमध्ये घरामागच्या वावरात तुम्ही कपाशी लावली नाही, सोयाबीन पेरलं. कोणी विचारलं तर "फेरपालट" म्हणून सांगायचे. मला कळत होतं, आणि मला कळतंय हे तुम्हालाही कळत होतं. पण धुऱ्यापलीकडे गुणवंतकाकांनी नेहमीसारखी कपाशीच लावली. त्यांना काय माहीत.

जुलै आला. प्रयोगशाळेच्या इमारतीत पेशंट ठेवायला लागले होते. गुरुवारच्या मीटिंगनंतर मॅडमनी मला एकटीला थांबवलं. सप्टेंबरपर्यंत तरी काही खरं नाही, म्हणाल्या. मग विचारलं, "तिकडे पीक कोणत्या अवस्थेत आहे?" मी म्हटलं, पाती नाही अजून. "तू कीटकशास्त्र शिकतेस, प्रणाली. मी काय सांगू," एवढंच म्हणाल्या आणि स्क्रीन काळी झाली.

त्यानंतर घरात तो शब्दच कोणी काढेना. पाती. जेवताना तुम्ही आभाळाचं बोलायचे, सोयाबीनच्या तणाचं बोलायचे. एकदा सहज बोलल्यासारखं म्हणालात, "यंदा पानी मागंपुढं झालं. कपाशी उशिरा धरन." मोठी आईनं तुमच्याकडे पाहिलं आणि ताटात भाजी वाढली. तुम्ही गुणवंतकाकांच्या धुऱ्याकडे जाणंच सोडलं होतं. मी मात्र रोज सकाळी जायचे. झाडांमध्ये वाकून शेंडे पाहायचे आणि आज नाही म्हणून परत यायचे. परत येताना सुटल्यासारखं वाटायचं आणि त्याचीच लाजही वाटायची. आपण दोघंही एकमेकांची नजर टाळत होतो. घरात जिवाला चैन नव्हती.

मग एका संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "अळ्यायचं खाणं सरत आलं ना? उद्या हिंगणघाटले जातो. दोन महिन्याचं घेऊन येतो."

दोन महिन्यांचं. मी मान हलवली. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी तुम्ही मोटरसायकल काढलीत आणि मी धुऱ्यावर गेले. गुणवंतकाका कपाशीतलं तण काढायला डवरणी करत होते. दुरूनच हात वर करून म्हणाले, "आज लवकर आली व?" मी वाकून पाहिलं. शेंड्याजवळ पाती होती. एका झाडाला, पलीकडच्या झाडाला, त्याच्याही पलीकडच्या. मी त्यांना हात केला आणि घरी आले.

चुलीवर पाण्यानं भरलेला मोठा गंज ठेवला. मोठी आई म्हणाली, "एवढं पाणी कायले?" मी आतून ट्रे आणायला लागले. ती समजली. तिनं चुलीत लाकडं सारली आणि माझ्याजवळ बसली. पाणी खदखदायला लागल्यावर मी ट्रे एकेक करून उलटे केले, पतंगांच्या बरण्या जाळीसकट बुडवल्या, कोष टाकले, अंडी घातलेले कागद टाकले. माझी ती सगळी वर्षं आणि तुमचा तो सगळा उन्हाळा एका गंजात मावला. मग मी अंगणात जाऊन ओकले. मोठी आई पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, "होते व बाई, होते."

तुम्ही दुपारी आलात. एका हातात बेसनाची पिशवी, दुसऱ्या हातात चायना ग्रासची पाकिटं. रिकामे ट्रे अंगणात उन्हात पालथे घातलेले होते. तुम्ही तिथेच थांबलात.

"मले काऊन नाई विचारलं?"

"पाती लागली, मोठेबाबा. तुम्हीच म्हणाले होते."

"मी म्हटलं होतं तं मलेच विचारायचं ना. मी का मेलतो? घरामागं तं सोयाबीन आहे."

"गुणवंतकाकांची कपाशी आहे. पतंग धुरा पाहून थांबत नाही."

"त्याच्या कपाशीले का तशी अळी लागत नाई? दरसाल लागते. तुह्या चार अळ्यायनं का आभाळ पडनार होतं?"

"ह्या बीटीनं मरत नाहीत."

"कोणती मरून राह्यली मंग?" तुम्ही पाकिटं ओसरीवर आदळलीत आणि आत गेलात. जेवला नाहीत. मला तेव्हा तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, आणि खरं सांगू, अजूनही नीट येत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. मी आता त्याच विषयात डॉक्टर आहे, तरी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नव्या अळ्या, नवी ओळ. माझ्याबरोबरचे नोकरीला लागले, त्यांची लग्नं झाली, आणि मी बोंडं फोडत बसले. तुम्ही फोन करून "जेवली का" विचारायचे, आणि फोन ठेवायच्या आधी न चुकता, "पण तू मले विचारलं नाई." दिवाळीत तेच, पाहुण्यांसमोर तेच. प्रबंधाच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला तुम्ही धोतर-टोपी घालून नागपूरला आलात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की पहिल्या कल्चरचं काय झालं. मी म्हणाले, महामारीच्या काळात ते नष्ट झालं. मागच्या रांगेतून तुमचा आवाज आला, "नष्ट नाई झालं साहेब. इनं मारलं. मले न विचारता." सगळा हॉल हसला. मॅडमसुद्धा हसल्या. तुम्ही हसला नव्हता.

दर वेळी मी तुम्हाला पुस्तकातलं उत्तर दिलं. पतंग किती लांब उडतो, एक मादी किती अंडी घालते, संशोधकाची जबाबदारी काय असते. तुम्ही ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते सगळं बराबर आहे. पण विचारलं काऊन नाई?" मागच्या आठवड्यात फोनवरही हेच विचारलंत आणि मी मीटिंगचं सांगितलं.

ओसरीवर आत्ता गुणवंतकाका बसलेत. त्यांच्या डोळ्याला धार लागली आहे. तेच सगळ्यांत जास्त वेळा म्हणून राह्यले, की देवासारखा माणूस, कधी कोणाचं वाईट नाही केलं. त्यांना रेशमाचंच ठाऊक आहे, आणि माझ्याकडून त्यांना कधी दुसरं काही कळणार नाही. पण म्हणूनच मला तुम्हाला उत्तर देता येत नव्हतं, मोठेबाबा. दिलं असतं तर तुमच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं, की माझ्या डिग्रीपायी तुम्ही ह्या माणसाचं वावर अळीच्या तोंडी द्यायला तयार होता. ते तुम्हाला सहन झालं नसतं, आणि माझ्या तोंडून निघालं नसतं. आणि कोणी माझ्यासाठी एवढं करायला निघालं होतं, ह्याचा आनंद मला त्या धुऱ्यावर वाकून पाती पाहतानाही झाला होता. तेही तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आता ऐका. तुम्हाला विचारलं असतं तं तुम्ही "राहू दे" म्हटलं असतं. अन् तुम्ही म्हटलं असतं तं मी ठेवल्या असत्या. म्हणून नाई विचारलं.